रुमालाखाली ठरलेली भूतगाडी

नगरबाहेरच्या त्या बागेच्या मालकानं माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. मला फसवलं असंही म्हणता येईल, कारण सौदा माझ्याशी झाला होता. पण मी व्यापारी माणूस, फसणं-फसवणं यातच माझा जन्म गेला. अक्कानं कुणाशी कसला सौदा केला नव्हता. तिला फक्त भाऊबीजेला भुताच्या गाडीत बसायचं होतं. ते झालं नाही, आणि आता अक्काही नाही.

तिला जाऊन काही आठवडे झाले. लिहायला बसतो आणि उठतो. अंगणात चक्कर मारतो, कुणावर तरी ओरडतो, परत येऊन बसतो. मिरजगावहून तिच्या सुनेचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी काष्टीत माझ्या गाळ्यावर एका जुन्या ट्रॅक्टरचा भाव ताणत होतो. संगीता एवढंच म्हणाली, "मामा, आई उठंनात." गिऱ्हाइकाला म्हणालो, "घेऊन जा, तू म्हणशील त्या भावात," आणि गाडीत बसलो. रस्ताभर मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून उतरलेला नाही...

मी काष्टीच्या बैलबाजारात वाढलो. आधी दलालाच्या हाताखाली, मग स्वतः दलाल, आता जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा. कुणी हात देऊन वर ओढलं नाही. अक्का लवकर लग्न होऊन मिरजगावला गेली आणि गुरं, शेत, मोठं खटलं यात बुडाली. ज्या वर्षी मी पहिली जीप घेतली, त्या भाऊबीजेला ओवाळणीत घालायला भारी साडी घेऊन गेलो. तिनं ती घडी न मोडता पेटीत ठेवली. म्हणाली, "साड्या लई झाल्या, शिवा. जीप हाय तर मला कुठंतरी फिरवून आन." म्हणून मी तिला नगरला नेलं. ती बाग तेव्हा नवी होती. पाळणे होते, घसरगुंड्या होत्या, पाण्यातल्या बोटी होत्या. मला वाटलं, ही बोटीत बसेल. ती सरळ जाऊन अंधाऱ्या बोगद्यापुढच्या रांगेत उभी राहिली. छोट्या रुळांवरची चार डब्यांची गाडी त्या बोगद्यात शिरायची आणि आत दोन्ही बाजूंनी भूतं अंगावर यायची.

"अक्के, पुठ्ठ्याची भूतं हायेत ती," मी म्हणालो.

"आसू दे. खरी घरी हायेतच की."

तेव्हापासून दर भाऊबीजेची ओवाळणी म्हणजे भूतगाडी. मी मिरजगावला जायचो, ती ओवाळायची, मग आम्ही नगरला. काही वर्षांत तिनं सगळ्या भुतांना नावं दिली. पांढऱ्या साडीतली, एका डोळ्याचा दिवा गेलेली ती थोरली जाऊ. पेटीतून उठून बसणारा एक सांगाडा होता. त्याचं यंत्र ढिलं झालं होतं, गाडी पुढं निघून गेल्यावर तो उठायचा. अक्का त्याला तलाठी म्हणायची. "गडी कधी येळंवर उठायचा न्हाई," असं रांगेत उभी राहून मोठ्यानं सांगायची आणि पुढची-मागची माणसं हसायची. बोगद्याच्या शेवटी, सगळ्यात जास्त अंधार असायचा तिथं, वरून सुतळ्यांचा एक झुबका डोक्यावरून फिरायचा, कुणी केसांत हात घातल्यासारखा. त्या झुबक्याचं नाव आत्याबाई. म्हणजे तिची सासू. झुबका डोक्याला लागला की अक्का अंधारात ओरडायची, "आले, आले, च्याच ठेवत हुते." त्या बाईचा आवाज अख्ख्या गल्लीला माहीत होता. तिच्यापुढं अक्कानं कधी उलट शब्द काढल्याचं मी पाहिलं नाही. जे काही बोलायची ते वर्षातून एकदा, त्या बोगद्यात.

मग तिची सासू वारली. त्या वर्षी मला वाटलं, अक्का यायची नाही. ती आली. मी मागच्या डब्यात होतो. शेवटच्या अंधारात झुबका फिरला आणि मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत राहिलो. ती हळू आवाजात म्हणाली, "बऱ्या हायसा न्हवं, आत्याबाई?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. बाहेर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उसाचा रस मागितला. पुढं दाजी, तिचे यजमान, गेले, तेव्हाही ती आली. आत काय बोलली, ठाऊक नाही. त्या वर्षी मी मुद्दाम बाहेर थांबलो होतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास मोबाईलवर बातमी फिरली की भूतगाडी काढणार आणि तिथं डोळ्यांवर चष्मा लावून बघायचं काहीतरी बसवणार. मी चौकशीला गेलो, तर बोगद्यापुढं ही रांग. एरवी ओस पडलेली जागा. एक निवृत्त कंडक्टर बायकोला घेऊन आले होते. म्हणाले, "लग्न झाल्यावर हिनं पहिल्यांदा माझा हात धरला तो हितं. घरात आई असायची हो." त्यांची बायको दुसरीकडं बघत हसत होती. कॉलेजच्या मुलींनी भिंतीवर कागद चिकटवला होता, 'तलाठीसाहेब, जाऊ नका.' अक्कानं ठेवलेलं नाव कुठून कुठवर गेलं होतं. मी तो कागद बघत उभा राहिलो. पुठ्ठ्याच्या भुतांवर जीव लावणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो होतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

अक्काला तोवर धाप लागायला लागली होती. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी चढउतार बंद केली होती. बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "डोळं बांधून कशाला भ्यायचं? शेजारी कोन बसलंय ते तर दिसाय पायजे." आणि मग, "भाऊबीजंपतूर ऱ्हाईल का रं ती?" तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं.

मी बागेच्या मालकाकडं गेलो. तरुण माणूस. त्याचे वडील बापू काष्टीत बैलांचे व्यापारी, माझ्या ओळखीतले, सचोटीचे. तो म्हणाला, "तात्या, रडायला सगळे येतात. वर्षभर तिकीट कोण काढतंय?" हे खोटं नव्हतं. जागा त्याची, धंदा त्याचा. मी म्हणालो, "मग मला विक. भाऊबीजेपर्यंत चालव, दुसऱ्या दिवशी रुळासकट उचलून नेतो." तो हसला. "बाजारातल्या रितीनं करू," म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. त्याचा एक माणूस मोबाईलवर चित्रण करत होता, त्याकडं मी लक्ष दिलं नाही. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात आणि शेवटी पंजा दाबला की व्यवहार पुरा. मी बोटं धरली, त्यानं सोडवून घेतली, मी परत धरली. शेवटी त्यानं पंजा दाबला. रुमालाखालचा भाव कुणाला सांगायचा नसतो, मीही सांगणार नाही. मी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायला खिशात हात घातला तर म्हणाला, "तुमच्याकडनं इसार घेतला तर आमचे बापू जोड्यानं मारतील." पंजा दाबल्यावर जनावर घेणाऱ्याचं होतं. रात्री विकणाऱ्याच्या दावणीला राहिलं, त्यानं वैरण घातली, तरी ते घेणाऱ्याचं. याच रितीवर मी वाढलो. म्हणून कागद केला नाही.

अक्काला फोन केला. "पुढच्या वर्षीपासनं भुतं तुझ्या गोठ्यात."

"म्हशी आटतील की रं," ती म्हणाली. हसता हसता तिला ठसका लागला. थोड्या वेळानं तिनंच परत फोन केला. गोठ्याची मागची भिंत पाडली तर गाडीला वळण घेता येईल का, हे तिला विचारायचं होतं.

भाऊबीजेला, ओवाळणं परतल्यावर ठेवून, तिला हळूहळू गाडीत बसवून नेलं. बागेत शिरलो तर बोगद्याच्या जागी निळे पत्रे उभे. पत्र्यांमागं सगळा ढीग पडला होता. गॅसनं कापलेले रूळ, चेपलेले डबे, वरती पांढऱ्या साडीची चिंधी. नव्या यंत्राचे लोक लवकर आले, त्यांना जागा हवी होती, म्हणून दिवाळीआधीच भंगारवाल्याला बोलावलं होतं. मला एक फोन नाही. मी मालकाची गचांडी धरली. लोक मधे पडले. तो म्हणाला, "तात्या, इसार कुठं दिला होता तुम्ही? आणि ते तर आपण व्हिडिओसाठी केलं. गंमत म्हणून." खरंच त्यानं ते मोबाईलवर टाकलं होतं. आपली जुनी परंपरा, असं वर लिहून. हजारो लोकांनी पाहिलं. रुमाल दिसतो, आमची तोंडं दिसतात. रुमालाखाली काय झालं ते कुणालाच दिसत नाही.

अक्का बाकावर बसून ढिगाकडं बघत होती. मालक तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "आजी, नव्या खेळात तुम्हाला फुकट बसवतो." तिनं मान हलवली. "न्हाई बाबा. माझी मान्सं नव्हती का त्या ढिगात?" त्याला ते कळलं नाही. मला कळलं.

मिरजगावला घरी आल्यावर संगीतानं आणलेलं ताट हातात घेऊन तिनं मला ओवाळलं. मी खालून ताट धरलं. म्हणाली, "मारामारी करू नगंस त्याच्याशी. फकस्त इचार एकदा."

"काय इचारू?"

"द्यायाची नव्हती, तर हातात हात कशाला घेतला."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. भूतगाडी असती तर जगली असती, असं मी म्हणत नाही, तेवढा खुळा नाही. पण जाण्याआधी तिला त्या अंधारात कुणाकुणाशी बोलायचं होतं आणि ते राहून गेलं. तेराव्याला पाहुणे मला समजावत होते, "तात्या, खेळण्यासाठी कशाला रक्त आटवता?" मी ताटावरून उठून बाहेर गेलो. संध्याकाळी लाइट गेली. मिरजगावात ती जातेच. लाइट गेली की अक्का अंधारात म्हणायची, "धरून बसा रं, गाडी सुटली," आणि घरातलं लहान-मोठं, जे असेल ते, जवळची वस्तू घट्ट धरायचं. त्या संध्याकाळी ते म्हणायला कुणी नव्हतं. मग संगीताचा हात माझ्या खुर्चीच्या दांडीवर आला आणि तिथंच राहिला. लाइट येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो...

मी त्यानंतर बागेत जाऊन आलो. मालकाच्या केबिनला कुलूप. फोन उचलत नाही. आत चष्मे लावलेली माणसं एकेकटी माना हलवत बसली होती. त्याला हे वाचायला मिळेल, म्हणून इथं लिहितो. मला गाडी नको, भरपाई नको. कोर्टात मी जाणार नाही, माझ्याकडं कागद नाही. एका शनिवारी काष्टीच्या बाजारात ये. तुझ्या वडिलांना ओळखणारे व्यापारी अजून तिथं बसतात. त्यांच्यासमोर उभा राहा, आणि रुमालाखालचा पंजा ही गंमत होती, हे त्यांना मोठ्यानं सांग. नाहीतर माझ्या बहिणीनं विचारलंय त्याचं उत्तर दे. द्यायची नव्हती, तर हातात हात कशाला घेतलास?