ट्रॅव्हलर्स चेक आणि उप्पिटाचा डबा

ती घटना आठवली की आजही आधी हायसं वाटतं आणि मग थोडी लाज वाटते. हायसं अशासाठी, की एका निरपराध माणसाचं नाव आरोपी म्हणून लिहिता लिहिता मी थांबलो. लाज अशासाठी, की थांबण्याआधी माझ्या ठाण्याकडून बरंच काही होऊन गेलं होतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. बंगळुरात जयनगरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. आमचं घर इथलंच, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. त्या वर्षांत गल्लीगल्लीतून कुणी ना कुणी कॉम्प्युटरच्या कंपनीतर्फे परदेशी निघालेलं असे. पासपोर्टच्या चौकशीचे अर्ज ढिगाने येत आणि ते निकाली काढता काढता माझे शिपाई मेटाकुटीला येत.

एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ तडक आत आले. एका सरकारी हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले. घरीच लिहून आणलेला अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. परिच्छेदांना क्रमांक, समासाला रेघ, सगळं कसं जिथल्या तिथे.

"चोरी झालीय. चोर कोण तेही चौथ्या परिच्छेदात लिहिलंय," ते मराठीत म्हणाले. "तुम्ही फक्त पकडायचं."

असे फिर्यादी मला कधीच आवडले नाहीत, पण अर्ज मात्र स्वच्छ होता. त्यांची मुलगी दोन दिवसांनी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जाणार होती. कंपनीचा तिथला पगार सुरू होईपर्यंतच्या खर्चासाठी त्यांनी ट्रॅव्हलर्स चेक घेतले होते. परकीय चलन देणाऱ्या एका खाजगी पेढीचा माणूस आदल्या संध्याकाळी ते घरी देऊन गेला. सकाळी हे फिरायला गेले, परत येऊन कपाट उघडतात तर पाकीट गायब. कुलूप शाबूत होतं, कशाची उलथापालथ नव्हती. मुलगी ऑफिसला गेलेली, बायको देवळात. चौथ्या परिच्छेदात चोर म्हणून त्याच पेढीच्या माणसाकडे बोट होतं.

"हल्ली कार्ड मिळतं ना परदेशात चालणारं? ते का नाही घेतलं?" मी सहज विचारलं, आणि चूक केली. त्यांनी खिशातून घडी घातलेला तक्ता काढला. कार्डावर परदेशात रोख काढली की दर खेपेला आकार, त्याच दिवसापासून व्याज, आणि विनिमयाचा दर बँक लावील तो. ट्रॅव्हलर्स चेकला घेतानाच एकदा काय ते कमिशन, पुढे ज्या कंपनीचे चेक तिच्याच कचेरीत वटवले तर दमडी लागत नाही. दुसरीकडे वटवले तर पानागणिक आकार, म्हणून पानं थोडी आणि मोठ्या रकमेची घ्यायची. मुलीला कार्ड हवं होतं, पण या तक्त्यापुढे तिचं काही चाललं नाही. माणूस कितीही तिरसट असला तरी गणित पक्कं होतं, हे मला मान्य करावं लागलं.

पेच पुढेच होता. या चेकवर सहीच्या दोन जागा असतात. एक सही विकत घेताना करायची आणि दुसरी परदेशात पैसे घेताना, समोरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. एकच सही असलेले चेक हरवले तर कंपनी भरून देते. दोन्ही सह्या झालेले हरवले तर ते रोकड हरवल्यासारखेच.

"सह्या किती होत्या?" मी विचारलं.

"दोन्ही. पोरीला समोर बसवून सगळ्या करून घेतल्या मी," ते अभिमानाने म्हणाले. "माझ्या टेबलावरून सहीची जागा रिकामी असलेला कागद कधी पुढे गेला नाही."

मी कपाळाला हात लावला. त्यांना ते कळलं नाही.

नियमाप्रमाणे गुन्हा तेव्हाच नोंदवायला हवा होता. पण आम्ही त्या काळी आधी चौकशी करत असू, हे कबूल करतो. हवालदाराला गल्लीत पाठवलं. कोपऱ्यावरच्या फुलवालीने त्याला सांगितलं की कालचाच तो पेढीचा माणूस आज सकाळी पुन्हा आला होता, फिर्यादी फिरायला गेल्यावर, आणि पिशवी छातीशी धरून लगबगीने गेला. हवालदार तसाच कँटोन्मेंटमधल्या त्या पेढीत गेला आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या काउंटरमागून त्याला दंडाला धरून घेऊन आला. पिशवीत चेक सापडले.

माणूस पस्तिशीचा, शिंपीकाम करणाऱ्या इथल्या जुन्या मराठी घरातला. तो कन्नड वळणाचं मराठी बोलायला लागला तसा मी जास्तच कडक झालो. आपल्या भाषेचा म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणू नये, हा माझा तेव्हाचा ताठा. बूट आणि पट्टा काढायला लावून त्याला भिंतीशी बसवलं.

"चेक तुझ्याकडे कसे आले?"

"मी चोरी केलो नाही बघा साहेब."

"मग काय पूजेला नेले होतेस?"

"स्वल्प वेळ द्या साहेब. दुपारपर्यंत सगळं सरी होतंय, ठीक होतंय."

"दुपारी काय होणार आहे? कोण येणार आहे घ्यायला?"

यावर त्याने मान खाली घातली. मी आवाज चढवला, नोकरीचं, बायकोमुलांचं भय घातलं, तरी मान खाली ती खालीच. खरं सांगायचं तर माझी खात्री पटली होती. चोरीचा माल जवळ सापडला, तोंडाला कुलूप, आणि दुपारी कुणीतरी साथीदार येणार. आणखी काय हवं?

पिशवीचा पंचनामा सुरू झाला. चेक, त्यांच्या क्रमांकांची खरेदीची पावती, आणि एक स्टीलचा डबा. डब्यावर बाईमाणसाचं नाव कोरलेलं. आपल्याकडे घरातल्या भांड्याभांड्यावर नाव कोरून घेतात, म्हणजे शेजारी गेलेलं भांडं घरी परत येतं. हवालदार खूश झाला. "सर, डबाही उचललाय!"

फिर्यादींनी डबा उलटसुलट करून पाहिला. "आमचाच. माझ्या बायकोचं नाव. हाही अर्जात घाला."

पंचनाम्यात आत काय आहे तेही लिहावं लागतं, म्हणून मी झाकण काढलं. आत उप्पीट होतं, अजून कोमट. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि कागदात गुंडाळलेला चमचा.

हवालदार मोठ्याने सांगू लागला, "लिहा, अंदाजे पाव किलो उप्पीट." आणि माझं पेन थांबलं. चोर डबा उचलील, पण त्याला उप्पीट भरून, वर लिंबाची फोड ठेवून कोण देईल? आणि चोरीच्या मालाची पावती सांभाळून ठेवणारा, चोरी करून आपल्याच कचेरीत खुर्चीवर जाऊन बसणारा चोर तरी कुठला? हे दोन प्रश्न मला तासाभरापूर्वी पडायला हवे होते.

फिर्यादींना मी त्यांचा जबाब पुन्हा एकदा सुवाच्य लिहून काढायला बसवलं. ते काम त्यांच्या आवडीचं होतं. डबा घेऊन मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. बाई देवळातून परतल्या होत्या.

"अक्का, हा डबा तुमचा?"

"होय. त्याला दिला होता. उपाशीच धावत आला होता बिचारा," त्या म्हणाल्या. मग माझ्या गणवेशाकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "त्याला काय झालं?"

मग सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी चेक देताना पहिली सही आपल्यासमोर करून घ्यायची आणि दुसरी जागा रिकामी ठेवायला बजावायचं, हे त्या माणसाचं कामच होतं. तो सांगायला लागला तेव्हा फिर्यादी म्हणाले, "ठेवून जा. कागद कसे भरायचे ते मला शिकवू नकोस." तो दमलेला होता, मान डोलावून निघून गेला. रात्रभर त्याला चैन पडलं नाही. सकाळी येऊन पाहतो तर प्रत्येक चेकवर दोन-दोन सह्या. विक्रीचे कागद त्या दिवशी तीन वाजता मुख्य कचेरीला जायचे होते. त्याआधी चेक परत आले तर रद्द करून नवे देता येत होते. म्हणून बाईंनी पाकीट त्याच्या हातात दिलं.

"यांना सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "परवा पोरगी जायची. म्हटलं, दुपारपर्यंत गुपचूप होऊन जाईल. मीच त्याच्याकडून शब्द घेतला, कुणाला बोलू नको म्हणून."

बाईंना जीपमध्ये घेऊन मी ठाण्यात परतलो. त्यांनी नवऱ्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. फिर्यादींनी आपल्या अर्जाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "नंतर करायची सही, तर जागा आत्ताच कशाला छापतात?" मला हसू आवरलं नाही, आणि त्यांच्या बायकोलाही.

मी त्या माणसाला उभं केलं. "तेव्हाच का नाही बोललास?"

"अक्कांना शब्द दिलेलो साहेब. आणि सही समोर घेतलो नाही हे हापिसात कळलं तर नोकरी जाते."

एक छोटी चूक झाकायची म्हणून तो मोठ्या गुन्ह्याचा आळ मुकाट सोसत बसला होता. अशी माणसं मी पुढेही पाहिली. चोर आपली बाजू घडाघडा मांडतो, आणि साधा माणूस आपल्या बारीकशा चुकीला चोरीइतकाच घाबरतो.

दीड वाजत आला होता. चेक त्याच्या हातात देऊन मी म्हणालो, "जा, वेळ आहे अजून." त्याने बूट घातले, पट्टा बांधला, पण जागचा हलला नाही.

"साहेब, एक मागू? तुमचे हवालदार मला सगळ्यांच्या समोरून आणले. आता मी एकटा गेलो तर पोलिसांनी सोडून दिलं एवढंच म्हणतील. चोर नाही असं कोण म्हणणार?"

मी उठलो. टोपी घातली आणि त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. फिर्यादीही न विचारता मागे चढले.

पेढीत सकाळचेच कर्मचारी काउंटरवर होते. मी मुद्दाम मोठ्या आवाजात, कन्नडमध्ये सांगितलं की या गृहस्थांवर कसलाही आरोप नाही, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून त्यांनी चेक बदलायला आणले होते, चूक आमच्या ठाण्याची झाली. काउंटरवरचे लोक आमच्याकडे वळले. मॅनेजर सभ्य होता, पण कच्चा नव्हता. त्याने चेक उलटून पाहिले आणि विचारलं, "दोन्ही सह्या कशा झाल्या? देताना याने तुम्हाला समजावलं नाही?"

पेढीचा माणूस खाली बघायला लागला. त्याची नोकरी आता त्या एका उत्तरावर होती.

फिर्यादी पुढे झाले. "समजावलं होतं," ते म्हणाले. "दोनदा समजावलं. मीच ऐकलं नाही. तसं लेखी हवं असेल तर आत्ता देतो."

मॅनेजरने मान डोलावली आणि चेक रद्द करायला आत पाठवले. संध्याकाळी मुलगी ऑफिसमधून रिक्षाने आली आणि नव्या चेकवर एकेकच सही करून गेली. ठरल्या दिवशी तिचं विमान सुटलं. त्या वेळी मी घरी चहा पीत होतो आणि फार दिवसांनी मला बरं वाटत होतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक रिवाज पाळला. ज्याला चार लोकांसमोरून उचललं तो निर्दोष निघाला, तर त्याच चार लोकांसमोर जाऊन तसं सांगायचं. बरोबरीचे अधिकारी हसायचे, गणवेशाची किंमत कमी होते म्हणायचे. मला तसा अनुभव कधी आला नाही.

आणि आणखी एक. खोटं बोलणारी माणसं पोलिसाला रोज भेटतात. एकालाच मी मनापासून हात जोडले, त्या दिवशी पेढीतून परतताना, जीपच्या मागच्या बाकावर ताठ बसलेल्या त्या निवृत्त हिशेबनिसाला.