सरांचा आवाज एका फाईलमध्ये

सर आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. आम्ही गिरगावातून उपनगरात, जेसल पार्कला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये मराठी घरं मोजकीच होती, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. सर मूळचे जवळच्याच मुर्धा गावचे, मच्छीमारांच्या घरातले. आईशी फोनवर बोलताना गावची बोली, आणि फळ्यासमोर उभे राहिले की स्वच्छ पुस्तकी मराठी. त्यांचा दहावीच्या गणिताचा क्लास बिल्डिंगच्याच तळमजल्यावरच्या गाळ्यात चालायचा. शनिवार-रविवारी ते मुर्ध्याला जाऊन तिथल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये गावातल्या मुलांना शिकवायचे. गाळ्यातलं त्यांचं ‘चूक!’ माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

त्या सरांचा घसा बसला, तो उघडेचना. तपासण्या झाल्या, आणि एका संध्याकाळी सर आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे काकू, वर आमच्याकडे आले. काकूंनीच सांगितलं, “स्वरयंत्र काढावं लागणार आहे. जीव वाचेल म्हणतात, पण आवाज जाणार.”

सर चहाच्या कपाकडे बघत होते. म्हणाले, “शिकवणं बंद करावं लागेल बहुतेक.”

मुलगी झाल्यावर मी अंधेरीच्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि घरी बसून प्रोग्रामिंगची छोटी कामं करत होते. मी म्हटलं, “बंद कशाला? सर, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज भरून ठेवू. तुम्ही बटण दाबायचं, कॉम्प्युटर तुमच्या आवाजात बोलेल.”

“जमेल तुला?”

“जमेल.”

मी उगाच धीर देत नव्हते. कसं करायचं ते मला बोलता बोलताच दिसायला लागलं होतं.

आमच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग केलं. खिडक्या बंद, पंखा बंद, दारावर गोधडी टांगलेली. मी सरांना खुर्ची दिली तर म्हणाले, “बसून मला शिकवता येत नाही गं.” मग ते कपाटाला फळा समजून उभे राहिले आणि समोर मुलं बसल्यासारखे शिकवायलाच लागले. “फळ्याकडे बघा.” “आधी विचार, मग पेन.” “कोण सांगेल?” “चूक. परत कर.” “हां, अस्सं!” बसलेल्या घशातूनही तो हुकमी सूर तसाच येत होता. मी फक्त भरत राहिले. वाक्यं नंतर कापून वेगळी करता येणार होती.

संपलं असं वाटलं तेव्हा काकू म्हणाल्या, “आणि आईंचं काय? रोज फोन करता ना त्यांना?”

सर तेव्हा पहिल्यांदा पलंगावर बसले. मग माईक जवळ घेऊन गावच्या बोलीत म्हणाले, “आये, मी बरा हाय. जेवलो. तू जेवलीस का?”

नेमकी तेव्हाच शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली आणि रेकॉर्डिंगमध्ये आली. मी म्हटलं, “सर, परत एकदा?” त्यांनी मान हलवली. “राहू दे.”

ऑपरेशन नीट झालं. सर घरी आले, गळ्याला खाली छिद्र, त्यावर पातळ रुमाल. तोवर माझा प्रोग्राम तयार होता. पडद्यावर मोठी मोठी बटणं, प्रत्येकावर एक वाक्य. हे मी स्क्रिप्ट म्हणून लिहिलं होतं. स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या सूचना. त्या वाचून अमलात आणणारा इंटरप्रिटर मशीनवर असावा लागतो. तो मी सरांच्या घरच्या आणि गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर टाकून दिला, आणि सर आठवडाभरात गाळ्यातल्या क्लासवर उभे राहिले.

अडलं ते मुर्ध्याला. तिथल्या हॉलमध्ये आठवडाभर दुसऱ्या कोणाचा संगणक वर्ग चालायचा. मशीन त्यांची, आणि अशी कुलूपबंद, की त्यावर काहीही टाकलं तरी बंद करून चालू केल्यावर सगळं पुसलेलं. सरांनी पेन ड्राईव्ह लावून माझ्या फाईलवर क्लिक केलं, तर कॉम्प्युटरने उलट विचारलं, ही फाईल कशात उघडू? पोरं वाट बघत बसलेली. सर तो सगळा तास खडूवर निभावून आले आणि संध्याकाळी माझ्यापुढे पाटी धरली. बोलण्यासाठी ते आता लहान मुलांची पाटी वापरत होते. तिच्यावर लिहिलं होतं, ‘तिथे आवाज गेला.’

मला वाईट वाटण्यापेक्षा चेव आला. वाचणारा इंटरप्रिटर त्या मशीनवर नसेल, तर तो स्क्रिप्टबरोबरच पाठवायचा. स्क्रिप्ट, इंटरप्रिटर आणि सरांची सगळी वाक्यं एकत्र बांधून एकच फाईल करायची. डबल क्लिक केलं की ती स्वतःच एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडेल, काम करेल आणि बंद करताना आपला पसारा आवरून जाईल. अशी बांधाबांध करणारे प्रोग्राम फुकट मिळत होते. एक उतरवून घेतला, माहिती वाचली, दुपारी मुलगी झोपली की बसायचे.

फाईल झाली. माझ्या मशीनवर सुरेख चालली. पण माझ्या मशीनवर तर सगळंच होतं, तिथे चालण्याला अर्थ नव्हता. म्हणून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. बटणं दिसली, दाबली, आवाज नाही.

कारण तिथेच बसल्या बसल्या कळलं. माझी स्क्रिप्ट आवाज शोधत होती ते माझ्या घरच्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये. आवाज तिच्याच पोटात होते, पण तिला ते माहीत नव्हतं. घरी येऊन मी तिला सुरुवातीलाच विचारायला लावलं, की मी आत्ता कुठे उलगडले आहे? जिथे उलगडली असेल तिथूनच पुढचं शोधायचं. काही ओळींचा बदल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कॅफे. हेडफोन लावायचा राहिला होता आणि स्पीकर पूर्ण मोठा होता. मी बटण दाबलं आणि सर गरजले, “चूक. परत कर!”

सगळे माना वळवून बघायला लागले. मालक काउंटरवरून ओरडला, “मॅडम, ये कौन चिल्लाया?”

“हमारे सर हैं,” मी म्हटलं. मला इतकं हसू येत होतं की पुढचं बोलता येईना.

त्या शनिवारी मी सरांबरोबर मुर्ध्याला गेले. सरांनी पेन ड्राईव्ह लावला, क्लिक केलं. फाईल उलगडायला थोडा वेळ घ्यायची, तेवढ्यात मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मग “फळ्याकडे बघा” आलं आणि सगळं चिडीचूप झालं. एका मुलीने फळ्यावर उदाहरण चुकवलं, सरांचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, “हां, अस्सं!” मुलगी गोंधळून सरांकडे बघायला लागली. सर हसले. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते, आणि मग सगळा वर्ग हसला.

सरांचा आईला फोनही रोज होत होता. सर नंबर लावायचे, रिसीव्हर कॉम्प्युटरच्या स्पीकरला लावायचे, बटण दाबायचे आणि मग रिसीव्हर कानाला लावून आईचं ऐकत बसायचे. आईला ऑपरेशनचं माहीत होतं, कॉम्प्युटरचंही सांगितलं होतं. एकदा मी तिथे असताना काकूंनी स्पीकरफोन चालू केला होता. तिकडून म्हातारी म्हणाली, “रोज तू बरा हायस नि रोज तू जेवलास. पन जेवल्यावर रोज कुकर कशाला लावतस?”

काकूंनी तोंडाला पदर लावला. सर आधी हसले, मग त्यांनी डोळे पुसले. मला म्हातारीची शंका दूर करायची होती, पण काकूंनी हातानेच थांबवलं. पलीकडून आवाज आला, “ऱ्हाऊ दे. तू दाब तो बटन. मी आयकतंय.”

त्यानंतर सर रविवारचा क्लास संपला की हॉलवरून सरळ आईकडे जायला लागले. तिथे पेन ड्राईव्ह नाही, पाटी नाही. ती बोलायची, सर मान डोलवायचे.

फाईल पुढे बरीच वर्षं चालली. जेसल पार्कातला गाळा बदलला, हॉलमधली मशीन बदलली. सर जातील तिथे तीच एक फाईल चालायची, आणि मला कोणाच्याही कॉम्प्युटरला हात लावावा लागला नाही. तिच्यामुळे मला कामंही मिळाली. ‘आमच्याकडे काही इन्स्टॉल करता येत नाही’ असं कोणी म्हटलं की मी खुर्ची पुढे ओढून बसायचे.

दरम्यान डॉक्टरांनी सरांच्या गळ्यात एक छोटी झडप बसवली. अंगठ्याने छिद्र दाबलं की बोलता येतं, पण सराव लागतो. कित्येक महिने खालून नुसती खरखर ऐकू यायची. एका सकाळी बेल वाजली. दारात सर उभे, अंगठा गळ्यावर. जाड, घोगरा, मी कधीच न भरलेला एक आवाज आला.

“अगं, चहा टाक.”

मी टाकला.