पाय धुणारे पाहुणे

मी धुळ्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमच्या चर्चच्या मंडळीत न अडखळता इंग्रजी बोलणारी मी एकटीच. म्हणून नव्वदच्या सुमाराला परदेशातल्या एका चर्चची टीम दहा दिवसांच्या सेवेसाठी आली, तेव्हा पाळकसाहेबांनी दुभाषी म्हणून मला पुढे केलं. मला ते आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू?

टीममध्ये बारा जण होते. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे निळे, पाठीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'सेवक'. या सेवकांसाठी दोन जीपगाड्या, वेगळा बिनतिखटाचा स्वयंपाक आणि मुंबईहून आणलेले बाटलीबंद पाण्याचे खोके. त्यांची प्रमुख पन्नाशीची, सदा हसतमुख बाई. बहिऱ्याशी बोलावं तसं ती सगळ्यांशी हळू आणि मोठ्याने बोलायची. माझ्याशीसुद्धा.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आम्ही साक्रीकडच्या एका गावात गेलो. तिथे आमच्या मंडळीची दहा-बारा घरं होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण गावकऱ्यांचे धुवायचे, असं प्रमुखबाईंनी ठरवलं होतं. त्यासाठी सहा बादल्या पाणी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. गावच्या विहिरीने तळ गाठला होता. बायकांनी सकाळपासून लांबच्या मळ्यातून हंडे वाहून त्या बादल्या भरल्या होत्या.

"एक बादली पुरेल," मी प्रमुखबाईंना म्हटलं. "इथे पाण्याचे हाल आहेत."

"प्रेम मोजून करत नाहीत," त्या हसून म्हणाल्या.

स्वतः मात्र त्या बाटलीतलं पाणी पीत होत्या.

पहिल्या खुर्चीवर एका म्हातारीला बसवलं. सकाळी तिनेही दोन हंडे आणले होते. प्रमुखबाई गुडघे टेकून समोर बसल्या तशी म्हातारीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"मन्हा पाय धुयेल शेतस," ती म्हणाली.

लाजतेय असं समजून प्रमुखबाईंनी तिचा घोटा धरला.

"पाव्हनी शे ना तू? बठ तठे." आता म्हातारीचा आवाज चढला होता.

"काय म्हणतात त्या?" प्रमुखबाईंनी मला विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मागे तिघे जण कॅमेरे लावून उभे.

"भारावून गेल्या आहेत," मी म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. मग पाय धुतले गेले. सुई टोचून घेताना माणूस जसा भलतीकडे बघतो, तशी म्हातारी भिंतीकडे बघत होती. शेवटी टीमने सगळ्या बादल्या अंगणात उपड्या केल्या. गुरांना चाललं असतं ते पाणी.

निघताना म्हातारीने मला गाठलं. "काय सांगं तू तिले?"

मी जीपकडे वळले. ती रिकामा हंडा उचलून गेली. त्या बाराजणांचा मला आधीच तिटकारा आला होता. त्या दिवशी माझाही आला.

परतताना जीपमध्ये मी प्रमुखबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, वहीत काहीतरी टिपलं आणि माझा हात दाबला. मला वाटलं, समजलं.

रविवारी धुळ्याच्या चर्चमध्ये त्या साक्ष द्यायला, म्हणजे सेवेतला अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या, भाषांतराला मी शेजारी. "एका गरीब भगिनीने आपले पाय लपवले," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आपण प्रेमाला पात्र नाही असं तिला वाटत होतं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी तिच्यापुढे वाकलं."

त्या माझ्यासाठी थांबल्या. मी मराठीत म्हणाले, "आजी म्हणाल्या, माझे पाय धुतलेले आहेत, पाहुण्यांनी बसावं. ते यांनी ऐकलं नाही. बायकांनी मैलभरावरून आणलेलं पाणी यांनी मातीत ओतलं."

मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. प्रमुखबाईंना वाटलं, त्या रडताहेत. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, पुढच्या खेपेला दुसरं कुणी बघू आपण."

"बघा," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी नवी टीम आली. भाषांतराला पाळकसाहेबांनी नाशिकहून एका गृहस्थांना बोलावलं. ते फार छान बोलत, असं सगळे सांगत होते.