इंदूताई आणि विजेची वाट

उन्हाळा लागला की समोरच्या इंदूताई रोज सकाळी अंगणाच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या लहानशा खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी एकदा हात जोडून विचारलं, “कुठला देव हाय हो?”

“देव न्हाय, पावणं. अर्थिंग हाय. माती वाळली की वीज मुरत न्हाय.”

मुलांनो, तेव्हाच्या इंदूताईंना तुम्ही पाहिलं नाहीत. उंच, काळ्यासावळ्या, आवाज गल्लीच्या टोकाला जाणारा. जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवलं. कुणाकडे चहाला गेल्या तरी आधी विचारायच्या, “अर्थिंग कुठं हाय तुमचं?” वास्तुशांतीलाही. यजमानीण गोंधळून स्वयंपाकघर दाखवायला निघायची.

आमच्या घराचं अर्थिंग जुन्या पद्धतीचं होतं. मीटरजवळून आलेली वायर नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली. पाइप जमिनीत जातो, म्हणून भागायचं. कोल्हापुरातल्या कितीतरी जुन्या घरांत असंच होतं. पुढे तो पाइप गंजला, पाणी लाल येऊ लागलं. प्लंबरने सकाळीच येऊन अंगणातला पाइप काढला, प्लास्टिकचा टाकला आणि तो गेला. घरातले पाइप लोखंडीच राहिले.

थोड्याच वेळात इंदूताई कोथिंबीर मागायला आल्या. अंगणात पडलेल्या गंजक्या पाइपाला वायरचा तुकडा लोंबत होता. तो पाहून त्या थांबल्या.

“वैनी, आत न्हाणीत कोण हाय?”

“हे आहेत. गिझर लावून दाढी करतायत. मग अंघोळ.”

गुडघे दुखतात म्हणून आमची एक पायरी चढताना कठडा धरणारी ती बाई, धावत ओसरीवर गेली आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. आतून तुमचे आजोबा ओरडले, “लाइट कुणी घालवली?”

“मी! नळाला हात लावू नगा, दादा! तसंच बाहेर या!”

आजोबा एका गालावर फेस घेऊन बाहेर आले. “अहो, अर्धी दाढी राहिली माझी!”

“ऱ्हाऊ दे की! माणूस अख्खा ऱ्हायला.”

मग आम्हाला लांब उभं करून त्यांनी स्विच पुन्हा लावला आणि न्हाणीच्या नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला. पाण्याच्या नळावर तो केशरी ठिपका मी डोळ्यांनी पाहिला. ओल्या अंगाने आजोबा तोच नळ सोडणार होते.

गिझर आतून खराब झाला होता, कधीपासून कोण जाणे. त्यातून गळणारी वीज आजवर पाइपातून मातीत जात होती. सकाळी तिची वाट तुटली होती.

“विजेवर राग धरू नगा,” इंदूताई म्हणाल्या. “तिला मातीत जायचं असतंय, एवढंच. वाट दिली की गुमान जाती. न्हाय दिली तर तुमच्यातनं जाती.”

पुढच्याच आठवड्यात आमच्या अंगणात खुर्ची टाकून त्यांनी अर्थिंगचा खड्डा खणून घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. घरातला प्रत्येक लोखंडी पाइप हिरव्या वायरने त्या पट्टीशी जोडला. गिझर बदलायला लावला, वीज गळताच आपोआप पडणारा स्विचही बसवायला लावला. आजोबा त्यानंतर बरीच वर्षं रोज गुळगुळीत दाढी करून त्या न्हाणीत गात राहिले.

इंदूताई गेल्या माघात वारल्या. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे. परवा त्यांच्या खड्ड्यात पाणी ओतत होते, तेव्हा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने फाटकातून विचारलं, “आजी, कुठला देव आहे इथं?”

“देव न्हाय, पावणं,” मी म्हणाले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्या जिभेला ते तितकंसं जमलं नाही. पण गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असावं.