साडूंची गृहीतकं

परमेश्वराने माझ्या वाट्याला जेवढी म्हणून लाज दिली होती, ती सगळीच्या सगळी आमच्या साडूंनी एकट्याने खर्च करून टाकली. हे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बी.एस्सी. झालेले, चिंचवडच्या एका कंपनीत तपासणी खात्यात नोकरी, भोसरीला भाड्याच्या दोन खोल्यांत संसार. माणूस उंच, किडकिडीत, निर्व्यसनी आणि मायाळू. पण कालची पोरं मॅनेजमेंट शिकून येतात आणि आपल्या डोक्यावर बसतात, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि वयाच्या तिशीत एका मोठ्या मॅनेजमेंट संस्थेच्या प्रवेश परीक्षेचा ध्यास घेतला. गणिताची त्यांना भीती नव्हती, इंग्रजी ते रेटून नेत. अडले ते रीझनिंगपाशी. तिथे चार ओळींचा उतारा असायचा, त्यात कुणीतरी काहीतरी ठासून सांगितलेलं असायचं आणि खाली विचारायचे, या म्हणण्यात न बोलता काय धरलेलं आहे, किंवा कशाने ते लंगडं पडेल. पहिल्या वर्षी साडू यातच आपटले. "चूक कळली, दाजी," ते मला म्हणाले. "मला जे पटायचं त्यावर मी खूण करत होतो. माझं मत त्यांनी विचारलंच नव्हतं."

इथवर ठीक होतं. पण पुस्तकातले उतारे पाठ झाल्यावर त्यांनी असा शोध लावला की डोक्याला धार लावायची तर माणसांच्या रोजच्या बोलण्यावर सराव केला पाहिजे. आधी निष्कर्ष शोधायचा, मग कारण, मग त्या दोघांच्या मध्ये दडून बसलेलं गृहीतक. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात साधं वाक्य बोलायची चोरी झाली. माझी बायको म्हणाली, "पोहे घ्या, गार होतील," की साडू बशी हातात धरून डोळे मिटत. "निष्कर्ष, पोहे घ्यावेत. कारण, ते गार होतील. गृहीतक, गार पोहे वाईट लागतात. ताई, हे सिद्ध कुठं झालंय?" ते सिद्ध होईपर्यंत पोहे खरोखरच गार होत. मग ते चवीने खात आणि वर म्हणत, "बघा, चांगले लागतात." बायको आत जाऊन भांडी जोरात ठेवायची. शेजारच्या काकूंनी एकदा कौतुकाने सांगितलं, की शिकवणी लावल्यापासून त्यांच्या बंड्याचे मार्क वाढले. आता यावर मनुष्य काय म्हणेल? वा म्हणेल. साडूंनी विचारलं, "नंतर वाढले हे कबूल. पण शिकवणीमुळेच वाढले कशावरून? पेपर सोपा असेल." काकू पुढे कित्येक दिवस आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

त्यांच्याबरोबर बसने जाणं म्हणजे तर शिक्षा. भोसरीच्या बसमध्ये कंडक्टर ओरडला, "पुढं सरका राव, आत लई जागा हाय." सगळे सरकले. साडू जागचे हलले नाहीत. "जागा पुढे आहे, हे तुम्ही मागे उभं राहून गृहीत धरताय," ते शांतपणे म्हणाले. कंडक्टरने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी उतरा," तो म्हणाला, "म्हंजी नक्की जागा व्हईल." सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. साडू मात्र खूश. खाली उतरल्यावर म्हणाले, "त्याचा युक्तिवाद बिनचूक होता हो."

आणि कंपनीच्या वार्षिक संमेलनाचं तर मी कुणाला सांगितलेलंही नाही. त्यांनी आग्रहाने मला नेलं होतं. व्यासपीठावरून मोठे साहेब म्हणाले, "आपले सर्व कामगार समाधानी आहेत, हेच आपल्या प्रगतीचं कारण." टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर माझ्या शेजारचा एक लांब हात वर गेला. "साहेब, सर्व?" एवढंच विचारलं त्यांनी. भांडणाच्या सुरात नाही, अगदी विद्यार्थ्यासारखं. परीक्षेत 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' हे शब्द दिसले की थांबायचं, असं ते स्वतःला शिकवत होते, त्यामुळे ते थांबले. माझ्या पलीकडच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्यातले का?" मी "नाही" म्हणालो. त्या वर्षीची बढती साडूंच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

पण तिसऱ्या खेपेला साडू पास झाले. मुलाखतही पार पडली. दोन वर्षं परगावी राहून शिकायचं, म्हणजे नोकरी सोडायची, बायको आणि लहान मुलगी मागे ठेवायची. आमचे सासरे महाळुंग्याचे शेतकरी. त्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. "कंपनीची भाकरी सोडून कुनी साळंत जातं का?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. प्रवेशाची मुदत महिन्यावर आली असताना सासरे आजारी पडले आणि आठवड्यात गेले.

दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी नदीवर गेलो. आमच्याकडे तेव्हा घाटावर बायका येत नसत. पिंड ठेवले, सगळे मागे सरले, पण कावळा काही शिवेना. बाभळीवर चार-पाच बसलेले, खाली एकही उतरत नव्हता. सासऱ्यांना मुलगा नव्हता; त्यांचे धाकटे भाऊ सगळं करत होते. ते हात जोडून म्हणाले, "अण्णा, विहिरीचं काम पुरं करतू." कावळे हलले नाहीत. "वयनीला अंतर देनार न्हाई." नाहीच. ऊन चढलं. भटजी दर्भाच्या कावळ्याची भाषा करू लागले. मग कुणीतरी खाकरलं, आणि एकेक करत सगळ्यांच्या माना साडूंकडे वळल्या. चुलत सासरे म्हणाले, "जावईबापू, अण्णाचा जीव तुमच्यापाशी अडकलाय. नोकरी सोडनार न्हाई म्हना."

आता हा माणूस डोळे मिटणार, निष्कर्ष आणि कारण वेगळं करणार, आणि सगळ्या गावासमोर माझं नाक कापणार, याची मला खात्री होती. साडूंनी डोळे मिटले नाहीत. दोन पावलं पुढे झाले, पिंडाला हात जोडले आणि म्हणाले, "मामा, मी जात नाही. नोकरी सोडत नाही." तेवढ्यात पिंडाजवळच्या सावलीत पडलेलं एक कुत्रं त्यांच्या पावलांना बिचकून उठलं आणि निघून गेलं. कावळा खाली आला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

परतताना आम्ही दोघे मागे राहिलो. मी हळूच म्हणालो, "कुत्रं उठलं होतं."

"पाहिलं मी."

"मग तुम्ही तर..."

"सगळे माझ्याकडे बघत होते हो, दाजी," ते म्हणाले. "लाज वाटली." या माणसाला लाज वाटू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. मला ते आवडलं नाही.

घरी बायकांना कुणी काही सांगितलं नाही. शिवला, एवढंच सांगितलं. साडूंनी बायकोला म्हटलं, विचार बदलला. तिला हायसं वाटलं असावं, तिने विचारलं नाही. साडू कामावर जात राहिले. त्यांनी आमच्या बोलण्यातल्या चुका काढणं सोडून दिलं आणि आमचं घर फार शहाण्यासारखं, फार शांत चालू लागलं.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी जेवायला बसलो. सासूबाई वाढत होत्या. साडूंच्या पानात भात घालताना थांबल्या. "मोप अभिमान हुता ह्यास्नी तुमचा," त्या म्हणाल्या. "तोंडानं कुरकुर करायचं, पर शेवटाला मला म्हनले, जावई शिकाया जात्यात तर जाऊ दे, पोरीला आन नातीला आपुन दोन वर्सं हितं ठिवून घिऊ. म्या ती मागली खोली सारवून ठिवली हुती." मग त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "मंग तुमी गेलाव का न्हाई?"

चुलत सासरे पलीकडच्या पंगतीत होते, त्यांनी ऐकलं नसावं. घाटावर आम्ही एवढे सगळे होतो, आणि सासऱ्यांच्या मनात काय होतं ते घरी जाऊन त्यांच्या बायकोला विचारावं, हे एकालाही सुचलं नव्हतं. साडूंनाही नाही.

मला वाटलं, आता तरी ते बोलतील. साडूंनी भाताला आळं केलं, वरण येण्याची वाट पाहिली, आणि म्हणाले, "राहून गेलं, आई."

मी मान वर केली नाही.