रिकामी दिसणारी कुपी

भालचंद्र देवधरांनी बावीस वर्षं एका सरकारी लस कारखान्यात काढली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ते पन्नाशीला आले होते. बायको लता दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात क्लार्क, म्हणून आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर तरी टिकलं. दोन वर्षं घरी बसल्यावर, दोन हजार सहा साली, गुडगावात एका नव्या बायोटेक कंपनीने त्यांना टेक्निशियन म्हणून घेतलं. सहा महिने प्रोबेशन.

तिथे परभणीची वृंदा संशोधक होती. नाळेच्या रक्तात मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, किती आहेत ते सांगणारं किट ती बनवत होती. या पेशींच्या अंगावर एक विशिष्ट प्रोटीन असतं, तीच त्यांची खूण. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून प्रयोगशाळेत तयार केलेलं तेच प्रोटीन तिने परदेशातून मागवलं होतं. किटने आधी ते ओळखून दाखवायचं. ओळखलं की चाचणीच्या प्लेटमधलं पाणी पिवळं होतं. मार्चअखेर हे जमलं नाही तर तिचं कंत्राट संपणार होतं.

त्या प्रोटीनची कुपी आली तेव्हा ती मीटिंगला निघाली होती. "काका, तेवढं विरघळवून फ्रीजरमध्ये ठेवाल?" ती जाता जाता म्हणाली.

भालचंद्रांनी आयुष्यभर लिटरच्या बाटल्या हाताळलेल्या. ही कुपी करंगळीच्या पेराएवढी, आणि आत काहीच दिसेना. तळाशी पातळ थर असेल असं समजून त्यांनी बूच काढलं आणि सवयीने कचऱ्याच्या, ब्लीच भरलेल्या भांड्यात टाकलं. मग माहितीपत्रक उघडलं. पहिलीच सूचना होती: पूड बुचाला चिकटलेली असू शकते, उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवा.

त्यांनी भांड्यात हात घालून बूच काढलं. उपयोग नव्हता. ब्लीच लागलं की प्रोटीन संपलंच.

वृंदाची मीटिंग शेजारच्याच खोलीत चालली होती. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. रिकाम्याच कुपीत द्रावण घातलं, लेबल लावलं, फ्रीजरमध्ये ठेवलं.

पुढचे तीन आठवडे वृंदाची एकही प्लेट पिवळी झाली नाही. तिने सगळी रसायनं नव्याने बनवली, पिपेट तपासून घेतले. एकदा विचारलं, "काका, प्रोटीन नीट विरघळलं होतं ना?"

"हो."

"मग माझंच काहीतरी चुकतंय."

ती डबा न उघडता परत न्यायला लागली. भालचंद्रांचंही जेवण कमी झालं. लताने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"आणि ती पोरगी स्वतःलाच दोष देतेय?"

"नोकरी जाईल, लता. या वयात कोण घेणार मला?"

"कोणी नाही घेणार," ती म्हणाली. "पण मला काय सांगताय? तिला सांगा."

तरीही आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये वृंदा शेजारी येऊन बसली. "मी आज राजीनामा देतेय, काका. बाबांना कळवलंय. मला हे काम येतच नाही, इतकी वर्षं उगाच शिकले."

धौला कुआं मागे पडलं होतं. भालचंद्रांनी समोरच्या सीटची दांडी धरली आणि बूच, ब्लीच, माहितीपत्रक, सगळं तिला सांगितलं.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. गुडगावला उतरताना म्हणाली, "नुसती चूक झाली असती तर मी काहीच बोलले नसते. पण मी विचारलं होतं तुम्हाला."

ते तिच्याबरोबर प्रमुखांच्या, डॉ. अंशुमन यांच्या केबिनमध्ये गेले आणि पुन्हा सगळं सांगितलं. अंशुमननी शांतपणे ऐकून घेतलं. "देवधरजी, आप आज ही रिलीव हो जाइए।" वृंदा मान खाली घालून बसली होती. तिने राजीनामा दिला नाही.

नवी कुपी यायला सहा आठवडे लागले. वृंदाला जूनपर्यंत मुदत मिळाली आणि किट चाललं, हे भालचंद्रांना कंपनीच्या एका ड्रायव्हरकडून कळलं. तिने स्वतः कधी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

मुलाखतींत आधीची नोकरी का सोडली असं विचारलं की ते खरं ते सांगत. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, मुनिरकातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबच्या मालकीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि रक्त घ्यायला कधीपासून येता, असं विचारलं.