रिठेबाईंचा रविवार

आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई मुलीचं नाव विचारण्याआधी तिचं डोकं हुंगत. ऐंशी सालानंतरची गोष्ट. डी.एड.साठी मी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत आले, ट्रंक घेऊन दारात उभी राहिले, तर या बाईंनी माझ्या वेणीला सरळ नाक लावलं आणि म्हणाल्या, "शांपू! रोज लावतं का व पोरी?" मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. मुली त्यांना पाठीमागे रिठेबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

शांपूचा मला भलताच तोरा होता. वडील पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरीला, तिथल्या कॅन्टीनमधून बाटली यायची. नाचणगावात आमच्या आळीत ती फक्त आमच्याकडे होती. रविवारी सकाळी बाकीच्या मुली मोरीपाशी ओळीनं बसत आणि बाई पदर खोचून एकेकीचं डोकं स्वतःच्या हातानं धूत. शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा आणि मोजून चार रिठे, हे सगळं शनिवारी लोखंडी घमेल्यात भिजत पडायचं, मग उकळून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं. मी लांब उभी राहून नाक मुरडत असे.

दिवाळीनंतर माझे केस गळू लागले. खाऱ्या पाण्यानं, मेसच्या जेवणानं की एक दिवसाआड चोळलेल्या शांपूनं, देव जाणे. भांगाशेजारची कातडी दिसू लागली. सरावपाठ घ्यायला मी डोक्यावर पदर घेऊन जाऊ लागले. एके दिवशी चौथीतलं एक पोर भर वर्गात म्हणालं, "बाई, तुमाले टक्कल पडून राह्यलं." दुसऱ्या दिवसापासून मी पाठ बंद केले. पाठ अपुरे म्हणजे वर्ष वाया, आणि वर्ष वाया गेलं की वडील लग्न लावून मोकळे होणार, हे पक्कं माहीत असूनही मी ट्रंक भरली.

रिठेबाई येऊन त्या ट्रंकेवरच बसल्या.

"केसासंगं अक्कलही गळून राह्यली का व तुही? काऊन चालली?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "थे बाटली फेकू नको, वर ठेवून दे. चार महिने डोकं माह्या हाती दे. अन् उद्या पाठाले जाजो."

पहिला महिना वाईट गेला. केस चिकट, अंगाला झाडपाल्याचा वास. मी कुरकुरले की त्या म्हणत, "मळ फेसानं नाई निघत पोरी, बोटानं निघते." आणि त्यांची बोटं अशी फिरत की पुढची तक्रार घशातच राहायची. शेवटचा तांब्या गोड्या विहिरीच्या पाण्याचा असे. ती घागर त्या लांबून स्वतः भरून आणत. होळीच्या सुमारास गळती थांबली. केस पूर्वीसारखे दाट झाले नाहीत, पण मी डोक्यावरचा पदर काढला.

मग मी शहाणपणा केला. वार्षिक पाठाच्या सकाळी, केस चांगले चमकावेत म्हणून, बाईंच्या कपाटाची किल्ली न विचारता घेतली आणि आतल्या डब्यातले चांगले मूठभर रिठे घालून डोकं धुतलं. फेस डोळ्यांत गेला. डोळे लालबुंद, धारा थांबेनात. बाई माझा हात धरून शाळेपर्यंत आल्या. परीक्षकांनी विचारलं, "आत्ताच रडताय, तर शिकवणार काय?"

"रडून नाई राह्यली, साहेब," बाई म्हणाल्या. "डोळ्यात रिठा गेला. चूक माही आहे, डबा म्या उघडा ठेवला. तिले अर्धा घंटा द्या."

डबा त्या कधीच उघडा ठेवत नसत. अर्धा तास मिळाला, पाठ झाला, मी पास झाले. किल्लीबद्दल त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

दुसरं वर्षही संपलं. वसतिगृह सोडताना मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उभं केलं. त्यांच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती होती. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "शाळेत माहा पहिला नंबर ये. गुरुजी साऱ्या पोराईच्या डोक्यावर हात ठेवे. माह्या डोक्यावर कधी नाई ठेवला. तू आता मास्तरीण होऊन राह्यली. ध्यानात ठेवजो."

आमच्या घरीही काही माणसांसाठी कप वेगळा असे. ते आठवलं आणि मला मान वर करवेना. दोन वर्षं माझ्या आईनं केलं नसतं इतकं या बाईनं माझं केलं होतं, आणि मी तो कप कुणाचा, हे घरी कधी विचारलंही नव्हतं.

त्या उन्हाळ्यानंतर मला एका खेड्यात नोकरी लागली. पहिल्या दिवशी हजेरी घेण्याआधी मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली आणि वर्गातल्या एकूणएक डोक्यावर हात ठेवत पुढे आले. पोरं दचकली. एक मुलगी तर डोकं मागे घेऊन म्हणाली, "बाई, मी त्या वस्तीतली होय." मी हात तसाच ठेवला.